शेवटच्या नळाचं वाचन

अकराशे सात नंबरचा व्हॉल्व्ह अकरा वाजून चार मिनिटांनी कोणीतरी हाताने उघडला. सव्वाअकराला यंत्रणेने तो बंद केला. अकरा सतराला तो पुन्हा उघडला, साडेअकराला पुन्हा बंद झाला. सलग तिसऱ्या दिवशी हा खेळ पडद्यावर बघताना शलाकाच्या कपाळाची शीर ठणकायला लागली. बाराशे व्हॉल्व्हच्या शहरात हा एकटाच अंगात आल्यासारखा वागत होता, आणि त्याच्यापायी निंबसर शहराचा जुळणीचा निकाल शंभर टक्क्यांवरून खाली आला होता.

निंबसर नगरपरिषदेत जन्म-मृत्यू नोंदणीच्या खिडकीच्या बरोबर वर पाणी-नियंत्रण कक्ष होता. शलाकाच्या कंपनीने एकेचाळीस शहरांचं पाणी हाती घेतलं, त्याची सुरुवात निंबसरपासून झाली, म्हणून मुख्य कक्षही इथेच राहिला. इथे दोन खुर्च्या होत्या, एक मोठा पडदा होता आणि शलाका होती. एकेचाळीस शहरांतले अठ्ठावीस हजार व्हॉल्व्ह ती इथे बसून सांभाळायची, तेही फक्त टाइप करून.

तिच्या हातातल्या हत्याराचं नाव होतं 'जुळव'. ना त्याला चित्रं, ना बटणं. काळ्या पडद्यावर हुकूम लिहायचा आणि एंटर मारायचं. रस्त्याखालच्या प्रत्येक व्हॉल्व्हजवळ एक छोटा संगणक बसवलेला असतो. त्याला स्वतःचं घड्याळ, स्वतःची मोटर आणि स्वतःपुरती आठवण असते. अठ्ठावीस हजार ठिकाणी माणूस पाठवणं शक्य नाही, म्हणून मध्यवर्ती जागी एक फाइल ठेवतात. कोणता व्हॉल्व्ह कधी उघडायचा, किती मिनिटं उघडा ठेवायचा, सगळं त्या फाइलीत. 'जुळव तपास' म्हटलं की प्रत्येक व्हॉल्व्ह सांगतो, मी फाइलीप्रमाणे आहे की नाही. 'जुळव लागू' म्हटलं की जो नसेल तो तसा होतो. आणि मग कोणी काहीही करो, दर पंधरा मिनिटांनी तो छोटा संगणक आपलं पान वाचतो आणि फाइलीत लिहिलंय तिथे परत येतो. फाइल आणि जमिनीवरची स्थिती यांत पडणाऱ्या फरकाला या धंद्यात 'विचलन' म्हणतात. फाइल खरी आणि जग चुकलेलं, असा त्याचा सरळ अर्थ. हे शब्द ज्यांनी बनवले त्यांना नळावर हंडा घेऊन कधी उभं राहावं लागलं नसणार.

दुपारी प्रकल्पप्रमुख केळुसकरांचा फोन आला. "शलाका, तीन दिवस छेडछाड म्हणजे नियमाप्रमाणे पोलीस तक्रार. मसुदा आपोआप तयार होईल. उद्या पाचपर्यंत तुझी सही हवी. माणसाचं नाव शोधून टाक."

"शोधते सर," ती म्हणाली. तिला त्या माणसाचा खरोखरच राग आला होता. दोन वर्षं खपून तिने हे शहर जुळवून आणलं होतं.

दुसऱ्या दिवशी पावणेअकराला ती स्कूटर घेऊन निघाली. अकराशे सात शहराच्या पार टोकाला, बंद पडलेल्या दगडखाणीच्या रस्त्यावर होता. तिथून वर चढावर खाणवस्ती. खाण चालू असताना दगड फोडायला आणलेली दीडशे कुटुंबं खाण बंद झाल्यावर तिथेच राहिली होती. व्हॉल्व्हच्या खड्ड्याचं झाकण बाजूला पडलं होतं आणि लांब दांड्याची चावी आत घालून एक माणूस वाकला होता. त्याची पाठ शलाकाने लांबूनच ओळखली. बारा वर्षं ती त्या पाठीशी संसार करत होती.

"हणमंत?"

तिचा नवरा वळला. तो नगरपरिषदेचा व्हॉल्व्हमन. दोघं पॉलिटेक्निकला एका वर्गात होते. दुसऱ्या वर्षी त्याचे वडील नोकरीत असतानाच वारले आणि त्यांच्या जागी लागून हणमंतने शिक्षण सोडलं. चारचौघांत ती त्याला अहो म्हणायची, पण आज चारचौघं नव्हते.

"तारांगण कॉलनीत गळती काढायला चाललोय म्हणून सांगून निघालास ना सकाळी? आणि इथे काय करतोयस?"

"दिसतंय की. पाणी सोडतोय."

"माझ्या पडद्यावर छेडछाड म्हणून येतंय हे! आज पाचला पोलिसात तक्रार जाईल. तुझी नोकरी जाईल, कळतंय का?"

"जाऊ दे. मी उघडला की पंधरा मिन्टांत बंद कोण करतंय, ते सांग आधी."

"कोण म्हणजे? जुळव."

"जुळव म्हंजे तूच की," हणमंत म्हणाला आणि त्याने चावीला आणखी एक फेरा दिला.

शलाकाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "पंचेचाळीस मिनिटं ठरलीत खाणवस्तीला. सगळ्या शहराला तेवढीच आहेत. तारांगणलाही तेवढीच."

"तारांगण खाली हाय. हे वर हाय. पाळी संपली की ह्या पायपातलं सगळं पाणी उताराला खाली निघून जातं आणि पायपात नुसती हवा राहती. दुसऱ्या दिशी व्हॉल्व्ह उघडला की आधी ती हवा भाईर पडायला लागती. तिलाच पन्नास मिन्टं लागत्यात. आणि तुझं यंत्र पंचेचाळिसाव्या मिन्टाला बंद! म्हंजे त्यास्नी मिळतं काय? हवा!"

"मग फाइलीसाठी सर्वेक्षण केलं तेव्हा पंचेचाळीस का सांगितलंस? स्वयंपाकघरात बसून तू बोललास आणि मी लिहून घेतलं!"

"कागदावर पंचेचाळीसच हायेत. आबांच्या टायमापासनं."

"आणि खरं?"

"पंच्याण्णव," तो म्हणाला.

शलाका रस्त्याच्या कडेच्या दगडावर बसली. त्याच्या वडिलांनी, आबांनी, तीस वर्षं खाणवस्तीला पंच्याण्णव मिनिटं पाणी दिलं होतं आणि कागदावर पंचेचाळीस लिहिली होती. त्यांच्यामागे हणमंतने तेच केलं. सगळेच व्हॉल्व्हमन असं करायचे. कोणाच्या घरात बाळंतीण असायची, कुठे शाळा उंचावर असायची, कुठे दहाव्याची माणसं जमलेली असायची. तिथे चावीचे दोन फेरे जास्त बसायचे, घड्याळ जरा उशिरा पाहिलं जायचं. त्याला काही नाव नव्हतं, कारण त्याबद्दल बोलायचंच नाही अशी त्यांची रीत होती. बोललं की कागदावर येतं, कागदावर आलं की खालच्या कॉलन्या मिनिटं मोजायला लागतात, आणि मोजायला लागलं की वरचं पाणी तुटतं. म्हणून हे घरीसुद्धा बोलायचं नसे.

"मलासुद्धा नाही सांगितलंस? बायको आहे मी तुझी."

"त्या दिशी तू बायको म्हणून बसली नव्हतीस. कंपनीचा फॉर्म घेऊन बसली होतीस."

त्याहून वाईट गोष्ट तिला आता आठवत होती. पहिली दोन वर्षं जुळव नुसतं बघत होतं, कोणाला हात लावत नव्हतं. निंबसरमध्ये त्याने सहाशे बारा विचलनं काढून दाखवली होती. त्यांत अकराशे सात असणारच, रोज पन्नास मिनिटं जास्त. एकोणीस दिवसांपूर्वी यंत्रणा पूर्ण चालू करताना जुळवने तिला विचारलं होतं, एकेक तपासायचं की सगळी एकदम दुरुस्त करायची? तिने सगळी एकदम केली. मग खाली जाऊन चहा प्याली. सहाशे बारा ठिकाणी कोणीतरी कोणासाठी तरी काहीतरी केलेलं होतं, ते तिने एका एंटरने पुसून टाकलं होतं.

"चल," हणमंत म्हणाला, "वर चल जरा. तुझ्या डोळ्यांनी बघ."

वस्तीच्या शेवटच्या नळाशी यल्लवाबाई बसली होती. वय सत्तरीच्या आसपास, हात दगड फोडून रुंद झालेले. नळाखाली रिकामा हंडा होता आणि नळातून सूं सूं आवाज येत होता.

"आली का कंपनीची बाई?" ती हणमंतला म्हणाली, शलाकाकडे न बघता. "इचार तिला, हे काय पाठवतीया. वारा पाठवतीया. वाऱ्यात डाळ शिजवू का?"

शलाकाची नजर नळाजवळच्या मीटरवर गेली. त्याचे आकडे भराभर पुढे सरकत होते. "पण मीटर तर फिरतोय," ती म्हणाली, आणि म्हणता म्हणताच तिला आपल्या मूर्खपणाची शरम वाटली.

"वाऱ्यानं फिरतोय! लाव की हात नळाला!"

तिने हात धरला. कोरडी हवा, जोराची. आत पातं फिरत होतं आणि त्याला हवा काय आणि पाणी काय, सारखंच. खाली कक्षात पडद्यावर खाणवस्तीचा ठिपका हिरवा होता, पाणी पोचलं म्हणून, गेले एकोणीस दिवस.

"मग पाणी कुठून आणता?"

"खाणीतनं," यल्लवाबाई म्हणाली. "शेवाळलेलं हाय, पण वलं तर हाय. चार दिस झालं, माझी सून उतरताना घसरली. मांडीचं हाड मोडलंय. जिल्ह्याला निऊन टाकलीया. सातवा म्हैना हाय तिला. तवापासनं ह्यो हणमंत रोज चावी फिरवतोय." मग तिने पहिल्यांदा शलाकाकडे पाहिलं. "तू रडू नगं. रडून काय हंडा भरणार हाय का?"

नळाच्या मागे भिंतीवर एक पांढरी पेटी होती. पाण्यातलं क्लोरीन मोजणारी. हिला मात्र हवा फसवू शकत नाही. पाळीत पाणी आलं तरच ती त्या दिवसाचं वाचन देते, नाही तर रिकामं पाठवते. मग पडद्यावर इथलं क्लोरीन रोज शून्य दशांश तीन कसं दिसत होतं? शलाकाला उत्तर माहीत होतं, कारण ते तिनेच लिहिलं होतं. मागच्या वर्षी वरून पाहणी येणार होती आणि पडद्यावर जागोजागी रिकामे ठिपके दिसत होते. केळुसकर म्हणाले, हे भोकं पडल्यासारखं काय दिसतंय, काहीतरी कर. तिने फाइलीत एक ओळ घातली होती: वाचन रिकामं आलं तर मागचं धरा. पेट्या नव्या आहेत, अधूनमधून चुकत असतील, असं तिने स्वतःला समजावलं होतं. ती ओळ एकेचाळीस शहरांना लागू झाली होती. तेव्हापासून महाराष्ट्रातल्या कित्येक शेवटच्या नळांना कालचंच पाणी रोज येत होतं.

साडेबाराला ती कक्षात परतली आणि पहिली गोष्ट तिने रीतसर केली. फाइलीत अकराशे सातसाठी अपवाद लिहिला: पंच्याण्णव मिनिटं. जुळवचा नियम असा, की कोणताही बदल करताना कारण लिहावं लागतं आणि ते बदलणाऱ्याच्या नावासकट सगळ्या शहरांच्या चौकांतल्या पडद्यांवर आणि लोकांच्या फोनवर दिसतं. तिने लिहिलं: चढावरच्या पाइपातली हवा बाहेर पडायला पन्नास मिनिटं लागतात.

अपवाद दोन तास टिकला. तारांगण कॉलनीचे नगरसेवक रणवरे यांनी तो आपल्या फोनवर पाहिला आणि केळुसकरांना गाठलं. आम्हाला पंचेचाळीस आणि खाणवाल्यांना दुप्पट, हा कुठला न्याय! अडीचच्या सुमाराला अपवाद गेला. केळुसकरांनी आपल्या जागेवरून तो स्वतः काढला आणि कारणाच्या जागी लिहिलं: समान वाटप.

शलाका ते दोन शब्द वाचत राहिली. एवढा राग तिला आयुष्यात कशाचाच आला नव्हता.

लगेच फोन वाजला. "मला कळलंय तो माणूस कोण आहे ते," केळुसकर म्हणाले. आवाज मऊ होता. "घरातलाच आहे म्हणे. हे बघ, मी काही राक्षस नाही. तू अपवादाचा विषय सोड, मी तक्रारीचा सोडतो. नोकरी राहील बिचाऱ्याची. पाचपर्यंत विचार कर."

तिने हणमंतला वर बोलावून घेतलं. तो दारात चपला काढून आत आला. दोन वर्षांत तो पहिल्यांदाच या खोलीत येत होता. तिने त्याला सगळं सांगितलं.

"म्हणलं हुतं ना," तो म्हणाला, "लिवलं की कापत्यात. तू घे मागं. ऱ्हाऊ दे त्यांचं समान वाटप. मी मोटरची पिन काढून ठिवतो, रोज चावीनं सोडीन. कुणाला कळणार न्हाई."

"आणि तू रजेवर गेलास की? रिटायर झालास की? आबांनी तीस वर्षं चोरून दिलं, तू पंधरा. पंचेचाळीस वर्षं झाली, हणमंत, आणि कागदावर अजून त्या माणसांना पाणी पुरतंच आहे! तुम्ही सगळे भले होतात म्हणून कोणाला लाज वाटली नाही. तुम्ही भोक बुजवत राहिलात आणि त्यावर मी हिरवा रंग लावला."

हणमंतचा चेहरा लाल झाला. "आमी नसतो दिलं तर मेली असती ती माणसं! आन तू शिकवतीस?"

"मी मारायला निघाले होते, माहीत आहे मला!" ती ओरडली. खालच्या खिडकीवर जन्माचा दाखला घ्यायला आलेल्या लोकांनी वर बघितलं. "मला नको सांगूस ते. मला फक्त एवढं सांग, तुझी नोकरी गेली तर चालेल का? मी एकटीने ठरवणार नाही."

हणमंत खुर्चीत बसला. पडद्यावर एकेचाळीस शहरं हिरवीगार होती. मग त्याने तक्रारीच्या मसुद्याकडे बोट केलं.

"हितं माझं नाव घाल," तो म्हणाला. "हणमंत शिवाजी काळोखे, व्हॉल्व्हमन. व्हॉल्व्ह मीच उघडला. आन का उघडला ते बी लिही. पंच्याण्णव मिन्टं. आबांचं बी लिही." हे वाक्य त्याच्या घराण्यात आजवर कोणी उच्चारलं नव्हतं.

तिने लिहिलं, सही केली आणि चार वाजून दहा मिनिटांनी तक्रार पाठवून दिली. आता केळुसकरांच्या हातात सौदा करायला काही उरलं नव्हतं.

मग तिने ती ओळ उघडली. रिकामं आलं तर मागचं धरा. 'मागचं धरा' पुसून तिने लिहिलं: रिकामंच दाखवा. त्याखाली आणखी एक ओळ घातली: हा बदल मागे घेताना रिकाम्या प्रत्येक ठिकाणाचं कारण वेगळं द्यावं. बदलाचं कारण जुळवने विचारलं, तेव्हा तिने लिहिलं: नळाला पाणी नाही. कुठे लागू करायचं? सर्व. आपण मागच्या वेळी हाच शब्द किती सहज टाइप केला होता ते तिला आठवलं. या वेळी तिने तो पुन्हा एकदा वाचला. मग तिने एंटर मारलं.

जुळव शहरामागून शहर घेत गेलं. अठ्ठावीस हजार छोट्या संगणकांनी आपापलं नवं पान वाचलं. पडद्यावरचे ठिपके विझायला लागले, आधी निंबसरचे चार, मग दुसऱ्या शहरातले अकरा, मग कुठे तीस. टेकडीवरच्या वस्त्या, गावाबाहेरच्या वस्त्या, रेल्वेपलीकडच्या, कत्तलखान्यामागच्या. हणमंत नावं वाचत होता आणि अधूनमधून शिव्या देत होता. शेवटी आकडा थांबला: तीनशे सोळा. प्रत्येक शहरातल्या चौकातल्या पडद्यावर, प्रत्येकाच्या फोनवर, तीनशे सोळा रिकाम्या जागा.

केळुसकरांचा फोन सात मिनिटांत आला. आता आवाज मऊ नव्हता. "काय केलंस तू? वरून फोन येतायत मला! आत्ताच्या आत्ता मागे घे!"

शलाकाने फोन स्पीकरवर टाकून टेबलावर ठेवला आणि जुळवला मागे घ्यायचा हुकूम दिला. पडद्यावर प्रश्न आला.

"घेते सर. फक्त ते प्रत्येक ठिकाणाचं कारण विचारतंय. बदल तुमच्या सांगण्यावरून मागे जाईल, म्हणून नाव तुमचं घातलंय."

"तांत्रिक बिघाड लिही."

"ते घेत नाही सर. पेटी तपासून बघतं. पेट्या सगळ्या नीट आहेत."

"मग लिही काहीही!"

"तुम्ही सांगा, मी तेच लिहिते. एकेक घेऊ." तिने खुर्ची पुढे ओढली. "पहिलं, निंबसर, खाणवस्ती, यल्लवाबाईंच्या दारातला नळ. पाणी नाही. एकोणीस दिवस. सून खाणीत पडली, सातवा महिना आहे. इथे कारण काय लिहू, सर?"

हणमंतने खुर्ची सरकवून तिच्या शेजारी घेतली.

"बरं, विचार करा तुम्ही, मी थांबते," शलाका म्हणाली. "याच्यानंतर अजून तीनशे पंधरा आहेत."